आबाजींच्या निधनाबाबत खुलासा

थेरगाव, रविवार दुपार

ती. जयमालाताईंना शुभदाचा वाकून नमस्कार (कंबर परवानगी देते तितका वाकून).

कराडला थंडी पडली का? भावोजींचा खोकला गेला का? तुमच्या गुडघ्याला त्या नव्या तेलाचा काही गुण? इथे आम्ही सगळे खुशाल आहोत. या ‘सगळे’मध्ये तुमचे वडीलही आले. आबाजींनी आज भरल्या वांग्याबरोबर दोन भाकरी खाल्ल्या आणि मीठ कमी आहे हे मला, ज्ञानेशला आणि समोरच्या गॅलरीतल्या बाईंनाही सांगितलं. तेव्हा काळजी नसावी. तुम्ही माझा फोन उचलत नाही, म्हणून हे पत्र लिहिते आहे. पाकिटावरचा पत्ता मुद्दाम ज्ञानेशकडून लिहून घेतला आहे. भावाचं अक्षर बघून तरी तुम्ही ते फोडाल.

तुमची भाची सुखदा नोकरीला बेंगळुरूला गेल्यावर मी आकुर्डीच्या कॉलेजात इंग्रजीच्या एम. ए.ला नाव घातलं, हे तुम्हाला माहीत आहेच. (“या वयात?” असं तुम्ही म्हणालात, तेही लक्षात आहे.) तिथे सर्जनशील लेखनाचा एक पेपर असतो. तो शिकवणाऱ्या सई मॅडम सुखदाच्याच वयाच्या. त्या मला ‘शुभदा मॅम’ म्हणतात, मी त्यांना ‘मॅडम’ म्हणते, आणि दारातून आधी कुणी जायचं यात आमचा रोज थोडा वेळ मोडतो. वर्गातली पोरं फार हुशार. चिंचवडच्या एका मुलीने लंडनच्या बर्फाचं असं वर्णन केलं की मी स्वेटर घातला. मी आपली आमच्या सोसायटीच्या पाण्याच्या टँकरवर गोष्ट लिहिली. मॅडमनी ती वाचली आणि हळूच म्हणाल्या, “छान आहे, पण यात काही घडतच नाही.” खरंच होतं. टँकरसुद्धा आला नव्हता.

म्हणून पुढच्या गोष्टीत कुणाला तरी मारायचं ठरवलं. घरात माणसं दोनच. ज्ञानेशला मारणं जिवावर आलं. चाकणहून शिफ्ट करून, त्या ट्रॅफिकमधून आलेला माणूस आधीच अर्धा मेलेला असतो, त्याला आणखी काय मारायचं? राहिले आबाजी. गोष्ट सून सांगते, आणि तिचा म्हातारा सासरा स्कूटरच्या कारखान्यातून रिटायर झालेला आहे. संध्याकाळी गॅलरीतल्या खुर्चीत बसून तो सुटीच्या भोंग्याची वाट बघतो, भोंगा होतो आणि म्हातारा जातो. एवढंच. पण ताई, लिहिताना मी इतकी रडले की ज्ञानेश माझ्या हातातले कांदे काढून घ्यायला आला आणि ते दिसेनात म्हणून स्वयंपाकघरभर शोधत राहिला.

मॅडमनी ती गोष्ट कॉलेजच्या कार्यक्रमात वाचायला लावली. आबाजी म्हणाले, “सून इंग्रजी वाचणार, आमी घरी बसू व्हय?” आणि सफारी घालून पहिल्या रांगेत बसले. त्यांचं इंग्रजी कारखान्यातल्या ओव्हरटाइम आणि रिजेक्शन यांच्यापुढे जात नाही, पण मी मान वर केली की ते टाळी वाजवायचे. वाचन संपलं तेव्हा हॉलमध्ये हुंदके. सूत्रसंचालन करणारा मुलगा तर इतका हेलावला की त्याने मॅमच्या दिवंगत सासऱ्यांसाठी दोन मिनिटं शांतता पाळायची विनंती केली. मी नाही नाही म्हणत हात हलवले, तर लोकांना वाटलं मला शोक आवरत नाहीये. सगळ्यांत आधी उभे राहिले ते आबाजी. ताठ, मान खाली. शांतता संपल्यावर त्यांनी शेजारच्या मुलीला विचारलं, “कोण गेलं म्हणायचं?” तिने डोळे पुसत सांगितलं. आबाजींनी सफारीची बटणं नीट केली. मग स्टेजवर आले आणि माइक घेऊन म्हणाले, “मंडळी, तुमी दुःख केलंत, आभारी हाय. मला आता बरं वाटतंय.”

एवढ्यावर निभावलं असतं. पण तोवर कुणीतरी आबाजींचा फोटो फुलांसकट ग्रुपवर टाकला होता आणि तो फिरत फिरत कराडला पोचला. तुमचा फोन आला तेव्हा मी कॉलेजच्या फाटकात, समोर बसचा हॉर्न. तुम्ही विचारलंत, “कधी गेले?” मी म्हटलं, आत्ताच, रिक्षाने. “फार त्रास झाला का गं?” छे, हसत हसत गेले. “पोचवायला कोण होतं?” कुणी नाही, एकटेच गेले, मला अजून एक लेक्चर आहे. ताई, शपथेवर सांगते, मला वाटलं तुम्ही त्यांच्या घरी जाण्याबद्दल विचारताय. तुम्ही हंबरडा फोडलात तो मला बसचा ब्रेक वाटला. पुढे तुम्ही घरचा फोन लावला, खुद्द आबाजींनी “बोल जयू” म्हटलं आणि तुमच्या हातातून फोन पडला, हे मला नंतर कळलं.

आबाजी मात्र तेव्हापासून खुशीत आहेत. डांगे चौकातले त्यांचे जुने सोबती भेटायला येऊन गेले. बोलणं टाकलेला एक जण तर रडला आणि चहा पिऊन पुन्हा बोलू लागला. परवा आबाजी मला म्हणाले, “ती गोष्ट मराठीत सांग.” मी सांगितली, शेवट गाळून. ते म्हणाले, “मरतो तिथनं सांग.” मग सांगावंच लागलं. म्हणाले, “खुर्चीत गेलो ते बरं केलंस. कुणाला उठबस न्हाई.” मग विचारलं, “तू रडतीस का त्यात?” मी म्हटलं, हो. “मग झालं,” म्हणाले आणि टीव्ही लावला. मी आत जाऊन भांडी घासली. ती आधीच घासलेली होती.

रागावू नका. भावोजींना नमस्कार.

तुमची,
शुभदा

ता. क. गोष्टीत एक मुलगी आहे. ती बापाच्या अंत्यविधीला उशिरा येते आणि आल्या आल्या गॅलरीची खोली कुणाला मिळणार ते विचारते. ती पूर्णपणे काल्पनिक आहे. सई मॅडमही म्हणाल्या, अशी माणसं खरी नसतात.

आणखी एक ता. क. गोष्ट आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेसाठी निवडली आहे. फक्त, मॅडमच्या मते ती मुलगी फार कमी बोलते. तिने भावजयीला एकदा चांगलं झापायला हवं. मला तसं लिहिता येत नाही. तुम्ही ज्ञानेशला फोनवर माझ्याबद्दल अर्धा तास जे बोललात, ते तो सांगतच नाही, नुसतं “ताई जरा नाराज आहे” म्हणतो. तर कृपा करून ते सगळं जसंच्या तसं लिहून पाठवाल का? माझ्या माहेराबद्दलचंही गाळू नका. शुक्रवारपर्यंत हवं आहे.

शेवटचा ता. क. हे पत्र मी मोठ्याने वाचते आहे आणि आबाजी शेजारी बसून ऐकत आहेत. ते म्हणतात, पोस्टाने कशाला, जयूला म्हणावं इथं येऊन बोल, आठ दिवस राहा. मलाही तेच बरं वाटतं. तुम्ही बोला, मी मधे एक अक्षर बोलणार नाही. फक्त जरा सावकाश बोला, माझा लिहिण्याचा वेग कमी आहे.