सात बाहुल्यांचे हात

३ फेब्रुवारी

ती. स्व. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र नाही म्हणून मीच लिहायला बसले. तू गप्प बसलास की वहिनी मला सगळ्या बातम्या पुरवते, हे विसरू नकोस. पाय सुजलाय आणि तरी दिवसभर उभ्यानेच काम करतोस म्हणे.

आमच्याकडची बातमी मोठी आहे. मागच्या खेळाला लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या, तेव्हापासून नाट्यगृहाचे मालक हवेत आहेत. नव्या खेळाला त्यांना अकरा कळसूत्री बाहुल्या हव्यात. गोष्टच अशी आहे की बाहुल्यांनी सगळं हातांनी बोलायचं. पहिला प्रयोग वीस एप्रिलला. जो भेटतो तो विचारतो, आता याहून भारी करणार ना? मी हसून मान डोलावते आणि कार्यशाळेत येऊन दार लावून घेते.

पहिली बाहुली झाली, म्हातारी सुईण. तिच्या उजव्या हाताचा फोटो सोबत आहे. तू रुग्णालयात माणसांसाठी लाकडी हात घडवतोस. आप्पांनीही पटाशी आधी तुझ्या हातात दिली होती, मग माझ्या. तेव्हा काय चुकलंय ते सांग. भीड ठेवू नकोस, तशी तू कधी ठेवली आहेस म्हणा!

वहिनीला नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
भुंगी

---

११ फेब्रुवारी

चि. भुंगीस,
अ. उ. आशीर्वाद.

फोटो मिळाला. अंगठा चुकलाय. बुडाचा सांधा फार खाली घेतलास, त्यामुळे तो मागाहून चिकटवल्यासारखा दिसतो. सुईणीचा अंगठा असा ऐटीत उभा राहत नाही. नखंही नको इतकी देखणी झालीत. लाकूड दिसलं की पोखरायला धावायचीस म्हणून आप्पांनी तुला भुंगी नाव ठेवलं, ते काही उगाच नाही.

वर्तमानपत्रातला तुझा फोटोही पाहिला. आमच्या मोठ्या डॉक्टरांनीच आणून दाखवला आणि ही तुमची सख्खी बहीण का, असं विचारलं. अठरा वर्षं मी त्यांच्याकडे हात करतोय, पण माझी एवढी चौकशी त्यांनी कधी केली नव्हती. मी हो म्हटलं आणि कानस उचलली. तुझ्या हातांना टाळ्या पडतात. माझा हात मिळाला की माणूस आधी बाही ओढून तो झाकतो. जो कुणाच्या लक्षात येत नाही तोच हात चांगला, असं आमच्यात म्हणतात. म्हणणाऱ्याचं काय जातंय!

तुझ्या वहिनीचं म्हणणं, मी चार दिवस तो फोटो खिशात घेऊन हिंडतोय आणि येताजाता सगळ्यांवर खेकसतोय. तिचं मनावर घेऊ नकोस.

मोठी झालीस तरी आम्हा लहान माणसांची ओळख असू दे.

तुझा,
दादा

---

२ मार्च

ती. स्व. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी पोटभर जेवले आणि गाढ झोपले. कारण विचारू नकोस. पाच बाहुल्या झाल्या, दोन होत आल्यात.

पण परवापासून काही धड नाही. विणकऱ्याचं डोकं तीनदा केलं आणि पहिली दोन स्वतःच करवतीने कापली. हातमोजा घालत नाही. लाकूड शिकंज्यात न अडकवता तसंच हातात धरून पटाशी चालवते. डबा आला तसा परत जातो. बाहुल्यांचे कपडे शिवणाऱ्या बाईंनी टोकलं, तर त्यांच्यावरच ओरडले. माझं मला दिसत नाही असं नाही, दादा. विचार करकरून एवढंच कळलं की बाहेर इतके लोक आस लावून बसलेत, की काम फसणार अशी माझी खात्रीच झाली आहे. ते फसेपर्यंत जीव टांगणीला लावून बसण्यापेक्षा आपणच मोडावं. मोडणं तरी माझ्या हातात असतं. मोडलं की घटकाभर फार हलकं वाटतं. त्या हलकं वाटण्याचीच मला आता भीती वाटायला लागली आहे.

सातही बाहुल्यांच्या हातांचे फोटो पाठवते आहे. नीट बघ आणि लवकर कळव. मी खरंच वाट बघते आहे.

रागाव हवं तर, पण अंतर देऊ नकोस.

तुझी,
भुंगी

---

९ मार्च

चि. भुंगीस,
अ. उ. आशीर्वाद.

तुझं पत्र वहिनीने वाचलं आणि मला बजावलं की या वेळी जीभ आवर, पोरगी कड्यावर उभी आहे. तेव्हा मनापासून लिहितो. सगळे हात सुंदर झालेत. एकातही चूक नाही. सुईणीचा अंगठासुद्धा ठीकच आहे, मी उगाच खुसपट काढलं होतं. आप्पांना अभिमान वाटला असता.

आता जरा विसावा घे. वेळेवर जेव. उरलेल्या चार बाहुल्या साध्या झाल्या तरी चालतील, तुझं नाव झालेलंच आहे.

वहिनी आणि मी तुझ्या पाठीशी आहोत, हे विसरू नकोस.

तुझा,
दादा

---

१६ मार्च

रा. रा. भाऊंना,
स. न. वि. वि.

आपली ओळख नाही. मी नाट्यगृहात बाहुल्यांचे कपडे शिवते. बाईंनी, म्हणजे तुमच्या बहिणीने, लिहू नका म्हणून बजावलंय, तरी लिहिते.

परवा तुमचं पत्र आलं. बाईंनी उभ्या उभ्या वाचलं, हसल्या, आणि दादाला माझी दया आली म्हणाल्या. काल सकाळी मी आले तर सातही बाहुल्यांचे हात मनगटापासून कापून टेबलावर ओळीने मांडलेले. डोकी तेवढी शाबूत. मी करवत काढून घेतली तर त्यांनी पटाशी उचलली. ती डाव्या तळहातात शिरली. नऊ टाके पडले. निसटली म्हणतात. वीस वर्षांत त्यांची पटाशी निसटलेली मी पाहिली नाही.

दवाखान्यात त्यांनी मला जे सांगितलं ते तुम्हाला कळायला हवं. तुम्ही याआधी दोनदाच त्यांच्या कामाला चांगलं म्हणालात. एकदा खेळ तीन दिवसांत बंद पडला, दुसऱ्यांदा मालकांनी बाहुली परत केली. तुम्ही खोट काढलीत, टोमणे मारलेत, की त्या निर्धास्त होतात. दादा जळतोय, म्हणजे जमलंय, असं त्या धरून चालतात. टाळ्यांवर त्यांचा विश्वास नाही, तेवढा तुमच्या जळण्यावर आहे. तुमच्या घरची ही रीत मला काही झेपली नाही. पण भाऊ, यापुढे गोड लिहू नका. खरं काय ते लिहा.

लहान तोंडी मोठा घास घेतला, पोटात घाला.

आपली,
शिवणकामवाली

---

१९ मार्च

भुंगे,

आशीर्वाद मागाहून. आधी ऐक.

जळतो मी तुझ्यावर. तू सात वर्षांची असताना आप्पांनी तू कोरलेली पहिली लाकडी चिमणी खिडकीत ठेवली, तेव्हापासून. ते सात फोटो आले त्या दिवशी मला घास गिळवेना. विणकऱ्याने करंगळी जराशी बाजूला धरली आहे ना, ती पाहून मी कानस भिंतीवर फेकली. अठरा वर्षं हात करतोय, मला ती करंगळी सुचली नाही. सुंदर आहेत, विसावा घे, हे मी लिहिलं ते घाबरून. आणि आत्ता हेही सांगतो: तू मोडतोड करते आहेस हे वाचून मला क्षणभर बरं वाटलं. म्हटलं, हिलाही जमत नाही तर. हे वहिनीलाही ठाऊक नाही. मला माझी लाज वाटते.

याहून वाईट पुढे आहे. सुईणीच्या अंगठ्यात काही चुकलं नव्हतं. चुकला म्हणून तुला लिहिलं आणि दुसऱ्या दिवसापासून तोच अंगठा मी चोरून घडवायला घेतला. एका ग्रंथपालाचा उजवा हात करायचा होता. तुझ्यासारखा सांधा खाली घेतला, तर अंगठ्याखाली पुस्तकाचं पान दबून राहायला लागलं. एवढ्या वर्षांत माझ्या एकाही हाताखाली पान राहिलं नव्हतं. त्या माणसाने बाही ओढली नाही. हात टेबलावर ठेवून नुसता बघत बसला. मग त्याने विचारलं की हा अंगठा कुणाला सुचला. मी म्हणालो, मला.

आता तुला काय करायचं ते कर. माझ्याशी बोलू नकोस हवं तर. पण ती करंगळी तू कापलीस, हे काही माझ्या डोक्यातून जात नाही. तो राग निराळा आहे.

जमलं तर क्षमा कर, नाहीतर शिव्या घालायला तरी लिही.

तुझा,
दादा

---

२६ मार्च

ती. स्व. चोरास,
सा. न. वि. वि.

पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा रडले, दुसऱ्यांदा तुला मनसोक्त शिव्या दिल्या. तिसऱ्यांदा मात्र त्या ग्रंथपालापाशी अडले. माझे हात दोन तास दोरीवर नाचतात आणि पेटीत जाऊन पडतात. तू केलेला हात रोज सकाळी माणसाबरोबर कामाला जातो. हे मला आजवर कसं दिसलं नाही? अशी जळले दादा, की कितीतरी दिवसांनी कडकडून भूक लागली. शिवणकामवाल्या बाईंचा डबाही मीच संपवला.

त्या माणसाला खरं काय ते सांगून टाक. रविवारपर्यंत सांगितलं नाहीस तर मी येऊन सांगेन.

पटाशी निसटली नव्हती. हे तुला एकट्यालाच लिहिते. डॉक्टरांना उद्या सांगणार आहे, बाई सोबत येणार आहेत.

सहा आठवडे डाव्या हातात लाकूड धरायचं नाही, असा हुकूम आहे. मालकांनी तोंड कडू करून प्रयोग महिनाभर पुढे ढकलला. उरलेल्या चार बाहुल्यांचं मागाहून बघू; या सातांची डोकी आहेत, हात नाहीत. ते आता तूच करायचेस. रजा काढ, वहिनीलाही घेऊन ये. मी शेजारी बसून सांगेन, तू ऐकणार नाहीस, आणि पाटीवर तुझं नाव माझ्या नावाच्या बरोबरीने लागेल. लोक तुझ्या हातांना टाळ्या वाजवतील तेव्हा मी अंधारात बसून जळत असेन. आत्तापासूनच सुरुवात झाली आहे.

तेव्हा ये, आणि जीव ओतून कर. वाईट केलेस, तर सगळ्यांसमोर तुझं तोंडभर कौतुक करीन.

तुझी,
भुंगी