दोन ठिकाणी हरवलेली काठी

प्रिय घार,

जोडातून आपली गळाची काठी सुटली तेव्हा ‘पक्’ असा आवाज झाला, बाटलीचं बूच निघावं तसा. माझं सगळं त्या आवाजापाशी बदललं. त्याआधी मी शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी होतो, आईबाबांचा बऱ्यापैकी लाडका होतो आणि दर रविवारी सकाळी दगडी पुलाखाली तुझ्याबरोबर मासे धरणारा होतो. नंतर यातलं एकही राहिलं नाही. काठीचा शेंडा तुझ्या हातात, बुडखा माझ्या हातात, आणि दोन्हींतून ओवलेली दोरी मध्ये लोंबत होती. तू दोरी कापायला गळ्यात अडकवलेलं नेलकटर काढलंस, कट्कन दोरी तोडलीस, शेंडा दप्तरात खोचलास आणि सायकलवर बसून निघून गेलीस. वळणापर्यंत तो तुझ्या पाठीमागे एरियलसारखा हलताना दिसत होता. मी मागून ओरडून काय काय बोललो ते तुला ऐकू गेलं नसेल तर बरंच आहे.

हे पत्र तुला कुठे सापडलं ते तुला माहीत आहे. ते तिथे कसं आलं आणि मला तुला काय विचारायचंय, ते शेवटी सांगतो. तोवर थांब. दोन वर्षं तू मला थांब म्हणालीस, आज एकदा मी म्हणून घेतो.

आपली काठी एकच, म्हणून नियमही एकच होता. मासा लागला किंवा चूक झाली, की काठी दुसऱ्याच्या हातात. ज्याच्या हातात काठी तो पाण्यात, दुसरा मागे काठावर. मागच्याने पाण्यात बघायचं, मासा कुठे आहे ते बोटाने दाखवायचं, त्याने माशीला तोंड लावलं की ‘थांब’ म्हणायचं आणि तो तोंड मिटून खाली वळला की ‘आता’. आईला मी अजून समजावू शकलेलो नाही, की ही माशी पिसांची न् दोऱ्याची असते, ती पाण्यावर तरंगते, आणि धरलेला मासा आपण परत सोडून देतो. ती म्हणते, मग जाता कशाला. त्या दिवशी माझी माशी वळणावरच्या झाडात अडकली आणि मी म्हणालो, वारा आला. झाडाचं एक पान हलत नव्हतं. तू माशी सोडवून दिलीस आणि काठी माझ्याकडेच राहू दिलीस. मग पुलाच्या तिसऱ्या खांबापाशी मुकादम वर आला, आपल्या सगळ्या माश्या तपासून नापास करणारा तो थोराड ट्राउट, आणि पहिल्यांदाच त्याने आपल्या माशीला तोंड लावलं. तू ‘थांब’ म्हणालीस. मी काठी उचलली. गळ रिकामा माझ्या कानावरून गेला. मी म्हणालो, तू उशिरा सांगितलंस. तू शांतपणे हात पुढे केलास, काठी दे, माझी पाळी. मी म्हणालो, चूक तुझी, पाळी माझीच. मग तू शेंडा धरलास, मी बुडखा, आणि पुढचं तुला माहीत आहे. जाता जाता तू जे म्हणालीस ते मात्र मी कुणालाच सांगितलं नाही. ‘तुला मागे उभं राहणारं कुणीतरी हवंय. मला पाण्यात उतरायचंय.’

कॉलेज मी विभागप्रमुखांशी भांडून सोडलं, असं सगळीकडे प्रसिद्ध आहे. भांडलो हे खरं. प्रयोगशाळेत त्यांनी मला सगळ्यांसमोर ‘महाशय’ म्हटलं आणि मी वही टेबलावर आपटून, मागे दारही आपटून बाहेर पडलो. पण वही आपटायला मला काहीही चाललं असतं. खरं कारण हे, की तू माझ्यापुढे तीन बाकांवर बसायचीस, फळ्याकडे बघायचं तर मध्ये तुझी वेणी यायची, आणि तू एकदाही मागे वळली नाहीस. असं किती दिवस शिकायचं? बाबांनी मला घराबाहेर काढलं नाही, नुसतं बोलणं बंद केलं. जेवताना मीठ हवं असलं तरी ते आईला सांगायचे, त्याला म्हणावं मीठ दे.

मग एके दिवशी बुडखा घेऊन मी मिस्त्रींच्या दुकानात गेलो. तेच दुकान, जिथून आपण ती जुनी काठी दोघांत मिळून घेतली होती. अजूनही तसंच आहे, पुढे वेताच्या खुर्च्या उलट्या टांगलेल्या, मागच्या खोलीत बांबू आणि सरसाचा वास. मी म्हणालो, मिस्त्री, शेंडा हरवलाय, नवीन करून द्या. त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाले, बुडखा हातात राहिला आणि शेंडा हरवला, वा. मला वेळ नाही, स्वतः कर, रंधा तिथे आहे. तो शेंडा करायला मला पूर्ण हिवाळा लागला. बांबू चिरून सहा कामट्या काढायच्या, प्रत्येक तिकोनी तासायची, वर निमुळती होत जाऊन टोकाला काडीएवढी राहिली पाहिजे, आणि सहाही एकसारख्या, की जोडल्यावर फट दिसता कामा नये. पहिला शेंडा वाकला. दुसरा मी रागाने गुडघ्यावर मोडला. मिस्त्रींनी तुकडे उचलले, टोमॅटोच्या रोपांना आधार म्हणून लावले आणि म्हणाले, रोज एक मोडत जा, बाग मोठी आहे. तिसरा जमला. त्याला मी दोरी ओवायच्या कड्या बांधल्या, तीन वेळा वार्निश दिलं, आणि मिस्त्रींनी तो उन्हात धरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत डोळा फिरवला आणि खाली ठेवला. दुसऱ्या दिवसापासून मला एप्रन मिळाला. घार, मला कॉलेजात बक्षिसं मिळाली होती, तुला ठाऊक आहे. त्यातलं एकही मला एप्रनइतकं नीट बसलं नाही.

बाबांची गोष्टही सांगून टाकतो. उन्हाळ्याच्या सुरुवातीला ते दुकानात आले, हातात घरची आरामखुर्ची, तिची बैठक फाटलेली. माझ्याशी नाही, मिस्त्रींशी बोलले. हे विणायला किती दिवस लागतील? मिस्त्री म्हणाले, कारागिराला विचारा. बाबा माझ्याकडे वळले आणि पाच महिन्यांत पहिल्यांदा थेट मला म्हणाले, किती दिवस लागतील? मी म्हणालो, चार. तीन दिवसांत दिली. आता ते त्याच खुर्चीत बसून मला नोकरीच्या जाहिराती वाचून दाखवतात, पण बसतात त्याच खुर्चीत.

नवा शेंडा घेऊन मी पहिल्यांदा एकटा नदीवर गेलो तेव्हा वाटलं होतं, आता कुणाची कटकट नाही. संध्याकाळपर्यंत सात मासे वर आले आणि सातही मी वेळेआधी काठी उचलून घालवले. सातव्याला मी टोपी काढून पाण्यात फेकली. पूर्वी मी टोपी फेकली की तू हसायचीस, मग मी आणखी चिडायचो, मग तू टोपी आणून द्यायचीस. त्या दिवशी पलीकडच्या काठावर एक गाय होती, तिने मान वर करून बघितलं आणि पुन्हा चरायला लागली. टोपी वाहत चालली. शेवटी मीच कमरेपर्यंत भिजून ती आणली. एकट्याने चिडण्यात काही अर्थ नसतो, टोपी आपल्यालाच आणावी लागते.

आणि दुसरी गोष्ट कळली, की मला पाण्यात काही दिसतच नव्हतं. दोन वर्षं मी पाण्याकडे नाही, तुझ्या बोटाकडे बघत आलो होतो. मासे मीच धरतो अशी माझी समजूत होती, आणि कॉलेजभर तसा बोभाटाही केला होता. मग मी काठी झाडाला टेकवून नुसता बसायला लागलो. चार रविवार. हळूहळू दिसायला लागलं. आधी सावली दिसते, मग शेपटीची हालचाल, मासा सगळ्यात शेवटी. तू हे सगळं काठावरून, उन्हात डोळे बारीक करून, माझं ‘कुठे, कुठे’ ऐकत बघायचीस. काठावर बसल्याबसल्या मला माझ्या पायात काच गेली होती तो रविवारही आठवला. तासभर काठी तुझ्याकडे होती आणि तू चार मासे धरलेस, आणि मी बसल्या जागेवरून डावीकडे, जरा हळू, आता वर, असं अखंड चालवलं होतं. तू मागे न बघता म्हणालीस, भडक्या, तोंड मिटलंस तर पाचवाही येईल. मी घरी जाईपर्यंत फुगून बसलो होतो. पाचवा आला होता, हे मी आज पहिल्यांदा कबूल करतो.

मग मी मोठ्याने बोलायला लागलो. मासा वर आला की स्वतःलाच सांगायचं, थांब. पण ते तुझ्या आवाजात निघायचं, बारीक आणि सुरात, आणि माझं मलाच हसू यायचं. महिनाभर मी तुझ्या आवाजावर मासे धरले. मग एकदा लक्षात आलं, की मी बोललोच नाही आणि तरी थांबलो. त्या दिवशी मासा लहानच होता, हाताच्या पंजाएवढा, पण मी तो सोडताना त्याला नमस्कार करायचा तेवढा बाकी ठेवला.

मुकादम मागच्या महिन्यात लागला. तिसऱ्या खांबापाशीच. मी स्वतः बांधलेली करड्या पिसाची माशी, दोरी पाण्यावर पडली तेव्हा आवाजसुद्धा झाला नाही. तो खालून आला, माशीमागे हातभर वाहत गेला, तिला बघितलं, तोंड उघडलं. घार, मी थांबलो. त्याने तोंड मिटलं, मी थांबलो. त्याची पाठ फिरली, मग मी काठी उचलली आणि ती मुठीपर्यंत वाकली. बुडख्यावर आपण तो लाल दोरा बांधला होता ना, ज्याहून लांब मासा मिळाला तर तोच मुकादम असं ठरलं होतं, त्या दोऱ्याच्या चार बोटं पुढे त्याची शेपटी गेली. जाळी धरायला कुणी नव्हतं, एका हाताने काठी आणि एका हाताने तो, फोटो काढायला तिसरा हात कुठून आणू? पाण्यात धरून ठेवला, त्याला दम आला, आणि तो सावकाश, मुकादमाच्याच चालीने निघून गेला. दुकानात सांगितलं तेव्हा मिस्त्रींनी विचारलं, फोटो? मी म्हणालो, नाही. म्हणाले, मग खरा असेल.

एकट्याने मासे जास्त मिळतात, हे मी आता छातीठोकपणे सांगू शकतो. एकट्याने नदी जास्त दिसते, राग कमी येतो, आणि जे धरलं ते आपणच धरलं याबद्दल शंका उरत नाही. पण मुकादम गेल्यावर मी किती तरी वेळ पाण्यात उभा होतो आणि मग मागे वळून काठाकडे बघितलं. सवयीने नाही. मला तुला तो दाखवायचा नव्हता, मला तुला तो धरताना बघायचं होतं. मी या पत्रात माफी मागणार नाही, असं वर एका ओळीत लिहिलं होतं. ती ओळ खोडून पान नव्याने लिहिलं, म्हणजे काय ते तू समजून घे.

आता शेवटचं. तीन आठवड्यांपूर्वी तू दुकानात आलीस तेव्हा मी मागच्या खोलीत होतो. एका गिऱ्हाइकाच्या काठीच्या सहा कामट्यांना नुकताच गरम सरस लावून त्या दोऱ्याने आवळत होतो. तुझा आवाज आला, ‘मिस्त्री, बुडखा हरवलाय, या शेंड्याला नवीन करून द्याल का? नोकरी लागलीये, महिनाअखेर गाव सोडतेय, त्याआधी नदीवर जायचंय.’ अशा वेळी दोरा सोडला तर कामट्या उकलतात आणि महिन्याचं काम जातं. पूर्वीचा मी कामट्या फेकून बाहेर धावलो असतो आणि पहिल्या वाक्यात म्हणालो असतो, हरवलाय काय, माझ्याकडे आहे. मी दोरा आवळत राहिलो. तुझी सायकल गेल्याचं ऐकलं, शेवटची गाठ मारली, तेव्हा मिस्त्री आत आले, तुझा शेंडा माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाले, एकच काठी दोन ठिकाणी हरवली, जपून वापरा म्हणावं दोघांना. आणि गेले. म्हणून या नळीत पत्राबरोबर, तुझ्या शेंड्याशेजारी, जो नवा बुडखा आहे तो मी केलाय. सहाही जोड उन्हात धरून बघ, फट सापडली तर मला सांग. मूठ बारीक ठेवलीये, जुनी तुझ्या हाताला मोठी व्हायची आणि तू कधी बोलली नाहीस. जुना बुडखा मी ठेवून घेतोय, जुना शेंडा तुझा. म्हणजे दोन्ही काठ्या निम्म्या आपल्या आणि निम्म्या माझ्या हातच्या, आणि आता कुणाची पाळी हा प्रश्नच नाही. आज काठी न्यायला तू येशील तेव्हा मी दुकानात नसेन, पुलापलीकडच्या काठावर पाण्यात उभा असेन. अलीकडचा काठ, तिसऱ्या खांबाची बाजू, तुझ्यासाठी मोकळी ठेवलीये. तू येशील का, एवढंच विचारायचं होतं. आलीस तर तू विचारल्याशिवाय मी तोंड उघडणार नाही, आणि माझ्या मागे कुणी उभं राहायची गरज नाही. नाही आलीस तरी काठी तुझीच, नव्या गावीही नदी असेलच. मिस्त्री जेवायला गेलेत, किल्ली कुठे ठेवायची ते सांगून गेलेत. पत्र गुंडाळून नळीत सारतो, नळी काउंटरवर ठेवतो, माझी काठी खांद्यावर घेतो आणि बाहेर पडून दार लावून घेतो, या वेळी न आपटता.

तुझाच,
भडका