बुवांचा हात, माझा हुकूम

माणसं हुकमावर चालतात की श्रद्धेवर? अठरा महिने लष्कराच्या पूल बांधणाऱ्या तुकडीची प्रमुख राहूनही याचं उत्तर मला देता येत नाही, हे आधीच कबूल करते. पुढचं मात्र पूर्ण शुद्धीवर, कोणाच्याही दडपणाशिवाय, वयाच्या सव्विसाव्या वर्षी लिहिते आहे. उद्या पलीकडच्या तीरावर, आघाडीवर जायचं आहे आणि त्याआधी प्रत्येकाने मृत्युपत्र द्यायचा नियम आहे.

१. माझी शिल्लक आईला द्यावी. पदवीचं प्रमाणपत्र बाबांनी बैठकीच्या भिंतीवर लावलं आहे, ते तिथेच राहावं. घरातली पहिली पदवी ती. पाहुण्याला पाणी मिळण्याआधी तिचं दर्शन घ्यावं लागतं.

२. माझी निळी शाल ताईने लग्नासाठी मागून नेली, ती आता तिचीच. मागून नेली होती, एवढं तिने लक्षात ठेवावं.

३. माझी मोजमापाची उपकरणं आणि वह्या आमच्या हवालदारांना, म्हणजे बुवांना द्याव्यात.

पूल उभा राहिला की बुवा एकटे त्यावरून चालत. प्रत्येक सांध्यावर हात ठेवून काहीतरी पुटपुटत. ते पलीकडे पोचल्याशिवाय कोणी पाऊल टाकत नसे. भाराचं गणित माझं, आणि माणसं बघणार बुवांच्या ओठांकडे. एकदा जेवताना कोणीतरी म्हणालं, "मॅडमचा पूल कागदावर उभा असतो, बुवांचा पाण्यावर." सगळे हसले. मीही हसले, आणि दुसऱ्या दिवशी फळ्यावर लेखी हुकूम लावला: प्रार्थना तीन मिनिटांत आटोपावी. कारण लिहिलं, वेळेची बचत. खरं कारण माझ्या पोटात दुखत होतं.

बुवा म्हणाले, "तीन मिनिटांत हात शेवटपर्यंत पोचत नाही, मॅडम."

"देवाला थोडक्यात सांगा," मी म्हणाले.

त्यांनी हुकूम पाळला. तीन मिनिटं संपली तेव्हा ते सातव्या सांध्याशी होते; तिथून हात उचलून सरळ पलीकडे गेले. नवव्या सांध्यातली, दोन भाग जोडणारी पिन अर्धीच बसली होती. ट्रक नदीत गेला, चालकाचा पाय गेला. बुवांचे ओठ देवाचं काम करत होते, पण हात पिना चाचपत होता. अठरा महिन्यांत मी कधी विचारलंच नव्हतं.

त्या संध्याकाळी हुकमाचा कागद मी फळ्यावरून काढून वहीत ठेवला. चौकशीत बुवांनीही त्याचं नाव घेतलं नाही. म्हणाले, "तपासणी माझी होती. माझा हात कमी पडला." मी शेजारी बसून गप्प राहिले. त्यांचा हुद्दा काढून घ्यावा, अशी शिफारस झाली आहे.

काल मी त्यांना विचारलं, पुटपुटता तरी काय?

"एकच," ते म्हणाले. "मॅडमचं गणित खरं ठरू दे."

यानंतर माझा मत्सर विरायला हवा होता. तो वाढला आहे. मला अजून कोणासाठी असं मागता आलेलं नाही.

४. वाटेकरी साक्षीदार होऊ शकत नाही, म्हणून बुवांची सही घेतलेली नाही. त्यांनी राग मानू नये.

५. वहीतला तो कागद कोणी शोधू नये. आज दुपारी तो मी चौकशी अधिकाऱ्यांच्या हातात दिला. खाली लिहिलं, "दोष बुवांचा नाही, माझा." त्याची पोच सोबत जोडली आहे.

सही: तुकडीप्रमुख
साक्षीदार: छावणीतली परिचारिका, तुकडीचा स्वयंपाकी
ठिकाण: नदीकाठची छावणी, तंबू चार
दिनांक: अपघातानंतरचा बाविसावा दिवस