एकशेपंधरावर ठेवलेला स्विच

मारिकिना, ६ मे

आदरणीय तीता लेओनिला,

तुमचा उजवा हात माझ्या कपाळाला लावून पत्राला सुरुवात करते. (अकरा हजार किलोमीटरवरून तो कसा लावायचा, हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवला आहे.) तुमचा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम तुम्ही करता की नुसते फोनवर सांगता? तुमच्या ब्रेंटची परीक्षा झाली असेल. इकडे तुमची भावजय, म्हणजे माझी नानाय, बरी आहे. रक्तदाब १३० आणि ८५, मी स्वतः मोजला. तुमचे धाकटे भाऊ, म्हणजे माझे ताताय, बरे आहेत. या शेवटच्या वाक्याला पुरावा द्यावा लागेल, म्हणून पत्र लांबणार आहे.

पत्र अशासाठी की शेजारच्या आलिंग नोर्मांची मुलगी चौदा तारखेला सॅन फ्रान्सिस्कोला निघाली आहे आणि तिच्या बॅगेत सुक्या आंब्याच्या सहा पुड्यांवर या पत्राएवढी जागा उरली आहे. फोनवरही लिहिता आले असते. पण आमच्या घरात नानायचा फोन सगळे वाचतात, आणि माझा फोन नानाय वाचते.

आधी मुख्य गोष्ट. तुम्ही खोक्यातून पाठवलेले ग्राफिक्स कार्ड पोचले. बावन्न दिवस लागले. तीन टॉवेलांत गुंडाळून, पॅनकेकच्या पिठाच्या डब्यात घालून, बाजूने मक्याच्या कॅनची तटबंदी करून ब्रेंटचे जुने कार्ड तुम्ही ज्या तऱ्हेने बांधले होते, तसे आमच्या कंपनीत नवे कोरे भागही कोणी बांधत नाही. (मी पॅकिंग विभागाला फोटो दाखवला. त्यांना तो आवडला नाही.) कार्डाला तुमच्या साबणाचा वास येतो आणि ते गरम झाले की जास्त येतो. मनापासून आभार. तुम्ही माझी पाच वर्षांची इंजिनिअरिंगची फी भरलीत तेव्हाही मी फक्त 'आभार' एवढेच लिहिले होते, हे माझ्या लक्षात आहे. या गोष्टीला मोजमापाचे एकक नाही, आणि एकक नसले की मी गप्प बसते.

आता ताताय. तुम्हाला हे सगळे माहीत आहे, तरी क्रमाने लिहिते, नाहीतर पुढचे कळणार नाही. चार वर्षांपूर्वी ख्रिसमसला व्हिडिओ कॉलवर तुम्ही त्यांना म्हणालात की जुन्या प्रवासी जीपांचे दिवस भरले, कोणी घेणारा आहे तोवर तो पत्र्याचा डबा विकून टाक. त्यांनी फोन ठेवला, आणि तेव्हापासून ठेवलेलाच आहे. तुमचे बरोबर निघाले, हीच त्यांची खरी तक्रार. तुमच्या खोक्यातल्या वस्तूला ते हात लावत नाहीत. (चॉकलेट कमी होते, पण त्याचा तपास कोणी करत नाही.) जुन्या जीपांच्या नव्या नियमांत अकरा महिन्यांपूर्वी त्यांची जीप गेली. एकतीस वर्षे तीच गाडी, तोच मार्ग. तेव्हापासून ते रोज पहाटे उठून पँट घालतात, खांद्यावर छोटा टॉवेल टाकतात, खिडकीशी खुर्ची ओढून बसतात आणि रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येक चालकाचा गिअर ऐकतात. फाटकाबाहेर पाऊल टाकलेले नाही. डॉक्टर म्हणतात, सगळे रिपोर्ट चांगले आहेत. ते चांगलेच आहेत, मी पाहिले. त्या रिपोर्टांत खिडकीसाठी रकाना नाही.

मग ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत एकाने मला एक खेळ दाखवला. त्यात बस चालवायची असते. आरसे, वळणे, थांबे, खरोखरचे वाटणारे रस्ते. मी डबा अर्धवट ठेवला आणि हा खेळ कुठल्या कॉम्प्युटरवर चालेल ते पाहिले. आमच्या घरातल्या कुठल्याच यंत्रावर नाही. म्हणून फेब्रुवारीत तुम्हाला तो कोरडा निरोप पाठवला होता, 'ब्रेंटचे जुने कार्ड पडून असेल तर हवे आहे.' कशाला ते तुम्ही विचारले नाहीत, याबद्दल वेगळे आभार.

अट एकच होती. कार्ड तुमचे आहे हे तातायना कळता कामा नये. कळले असते तर ते त्या यंत्रासमोर बसले नसते. मी सांगितले की माझा बोनस आला आहे आणि सगळे गिलमोरच्या कॉम्प्युटरच्या दुकानांतून घेणार आहे. (मला खोटे बोलता येत नाही. मी फक्त माहिती कमी देते. उरलेले लोक आपणच भरून घेतात.)

अंदाजपत्रक अठरा हजार पेसोंचे. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते की भाग निवडणे म्हणजे खरेदी; प्रत्यक्षात ते लग्न जुळवण्यासारखे आहे. कार्ड ठरले की प्रोसेसर त्याला शोभेल असा हवा, प्रोसेसर ठरला की मदरबोर्डचे नखरे, बोर्ड ठरला की मेमरीचे, आणि या सगळ्यांना सामावून घेणारे घर म्हणजे कॅबिनेट. मी तीन शनिवार गिलमोरला गेले. प्रोसेसर वापरलेला घेतला, पायाच्या पिना भिंगाखाली मोजून. विकणारा म्हणाला की इतक्या बारकाईने त्याला सासूनेही तपासले नव्हते. मेमरी घेताना दुकानदाराने रंगीत दिवे लागणारी पुढे केली, चारशे पेसो जास्त. दिव्यांनी वेग वाढतो का, असे मी विचारले. तो म्हणाला, "वेग नाही वाढत मॅडम, घरात येणंजाणं वाढतं." मी बिनदिव्यांची घेतली. नानाय अजून नाराज आहे.

आणि मग, पैसे संपत आले असताना, मी चूक केली. वीज पुरवणाऱ्या भागावर काटकसर करायची नाही, हे मी ऑफिसात नवीन लागलेल्यांना शिकवते. त्यावर माझ्या बारा स्लाइड्स आहेत. पण आमच्या गल्लीतल्या आलिंग बेबांगचे पिसोनेट बंद होत होते (पेसो टाका, पाच मिनिटे खेळा, तेच दुकान), आणि तिने कॅबिनेट व पॉवर सप्लाय मिळून बाराशेला देऊ केले. कॅबिनेटला पुढून नाणे टाकायची फट आहे. पॉवर सप्लाय इतका जुना की त्याच्या पाठीवर अजून तो लाल स्विच आहे: एका बाजूला २३०, दुसऱ्या बाजूला ११५. आपल्याकडे २३० हवे. मी पाहिले, २३० वर होता. शनिवारी सगळे जोडले, चालू केले, चालले. मी वहीत 'चालले' असे लिहिलेसुद्धा.

आता या घराचा एक नियम. तुम्ही २००९ साली पाठवलेला राइस कुकर तुम्हाला आठवत असेल. आम्हाला त्याचा आवाज आठवतो. तुमची अमेरिका एकशेदहावर चालते, आमची भिंत दोनशेवीसवर, आणि हे त्या दिवशी संपूर्ण गल्लीला कळले. तेव्हापासून तातायनी कायदा केला: खोक्यातून आलेल्या प्रत्येक विजेच्या वस्तूवर नानायच्या नेलपॉलिशने लाल '११०' लिहायचे आणि ती भिंतीत न लावता ट्रान्सफॉर्मरमध्ये लावायची. मिक्सर, इस्त्री, केस वाळवायचे यंत्र, सगळ्यांवर लाल आकडे आहेत. ट्रान्सफॉर्मर पाचशे वॅटचा, वजन सहा किलो, आणि त्याची जागा स्वयंपाकघरात, ओट्याखाली.

रविवारी चर्चमधली मिसा आटोपून आल्यावर उद्घाटन ठरले. नानायने पानसितच्या शेवया केल्या आणि मला न विचारता आलिंग नोर्मा, त्यांचे यजमान आणि आलिंग बेबांग यांना बोलावले. (आलिंग बेबांगने कॅबिनेटला 'माझं लेकरू' म्हणत हात फिरवला.) ट्रान्सफॉर्मर स्वयंपाकघरातून येऊन टेबलामागे बसला होता, वर धुतलेले फडके. मला वाटले नानायला तिथे मिक्सर लावायचा असेल. ताताय खिडकी सोडून दोन खुर्च्या अलीकडे येऊन बसले होते. मी प्लग घेऊन भिंतीकडे वळले तेव्हा ते बोलले.

"पोरी, खाली लाव ना. त्या डब्यात."

"का?"

"काही नाही. सहज म्हटलं."

'सहज' हे तांत्रिक कारण नाही. मी प्लग भिंतीत लावला आणि बटण दाबले.

आवाज राइस कुकरपेक्षा मोठा होता. मागून पांढरा धूर आला, घरातले दिवे गेले, पंखा थांबत थांबत थांबला, आणि आलिंग नोर्मांच्या यजमानांनी पानसितची ताटली छातीशी धरून दार गाठले. आलिंग बेबांग शांतपणे म्हणाली की तिच्याकडे हे यंत्र सहा वर्षे नुसते गात होते. मी प्लग काढला, मेन स्विच पुन्हा वर केला, पॉवर सप्लाय सोडवून टेबलावर उलटा केला. लाल स्विच ११५ वर होता.

तीता, तो स्विच खोल खाचेत असतो. धक्क्याने सरकत नाही. स्क्रूड्रायव्हरचे टोक घालून मुद्दाम सरकवावा लागतो. नानाय म्हणाली उंदीर असेल. मी उंदराची शक्यता नोंदवून बाद केली. मग मी फडक्याखालच्या ट्रान्सफॉर्मरकडे पाहिले आणि माझ्या लक्षात आले की ज्याने स्विच ११५ वर नेला, त्यानेच सहा किलोचा डबा स्वयंपाकघरातून इथवर आणला. म्हणजे त्याचे काम पूर्ण आणि बरोबर होते. डब्यातून ११० येणार, यंत्र ११५ वर. व्यवस्थित चालले असते. फक्त गृहीतक चुकले होते, की हे यंत्र अमेरिकेचे आहे. आणि या घरात हे यंत्र अमेरिकेचे आहे असे कोणी कोणाला सांगितलेच नव्हते.

मी तातायकडे पाहिले. त्यांनी खिडकीकडे पाहिले.

"अमेरिकेच्या वस्तूला एकशेदहा लागतं," ते म्हणाले.

"ही अमेरिकेची आहे असं कोण म्हणालं?"

त्यांनी खांद्यावरचा छोटा टॉवेल काढून नीट घडी घातली. मग म्हणाले, "दोरीवर तीन टॉवेल वाळत होते. असले जाड टॉवेल आपल्याकडे कोण घेतं? आतेचेच ते."

चार वर्षे या घरात तुमचा उल्लेख 'ती कॅलिफोर्नियावाली' असा होत होता. आते, म्हणजे थोरली बहीण, तुम्ही त्या रविवारी धुरात पुन्हा झालात. त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होते. माहीत आहे असे दाखवले तर रागावावे लागले असते, म्हणून त्यांनी दाखवले नाही. आणि तुम्ही पाठवलेली वस्तू जळू नये म्हणून गुपचूप स्विच सरकवला. ती नेमकी त्यामुळेच जळायला निघाली, हा भाग मी त्यांना फार समजावून सांगितला नाही. (कार्डाला भिंतीच्या विजेशी काही देणेघेणे नसते, ते आतल्या बारा व्होल्टवर चालते. एवढेच सांगितले. त्यावर ते "असं होय" म्हणाले, ज्या स्वरात ते पोलिसाला म्हणत असत.)

कार्ड वाचले. बोर्ड, मेमरी, प्रोसेसर वाचले. मी एकेक करून तपासले, कार्ड तीनदा; हे यादीत लिहिलेले नाही. फक्त पॉवर सप्लाय गेला.

सोमवारी मी ऑफिसातून आले तेव्हा खिडकीशी खुर्ची रिकामी होती. नानाय दारात उभी, चेहरा घाबरलेला की आनंदी ते मला वाचता आले नाही. ताताय जळका पॉवर सप्लाय प्लास्टिकच्या पिशवीत घालून सकाळीच बाहेर पडले होते. अंधार पडायच्या आत परतले. गिलमोरला गेले होते, दुसऱ्याच्या जीपमध्ये, पुढच्या सीटवर बसून, आणि त्या चालकाला दोन्ही वेळा क्लच कसा सोडायचा ते सांगत. (येताना वेगळा चालक होता. त्यालाही सांगितले.) चार दुकाने फिरून, प्रत्येक ठिकाणी पिशवी उघडून "याला काय झालं ते सांगा" असे विचारून, त्यांनी जो पॉवर सप्लाय आणला तो मी निवडला असता त्यापेक्षा चांगला होता. त्याला लाल स्विच नाही. भिंतीत किती व्होल्ट आहेत ते आपले आपण ओळखतो. हे त्यांना फार आवडले. माणसांनाही जमायला हवे, असे म्हणाले, आणि मग लगेच जेवायला बसले.

आता रोज ते बस चालवतात. बाणांच्या बटणांनी. खेळात ठरलेल्या थांब्यांवरच थांबायचे असते; ताताय कोणी हात केल्यासारखा वाटला की थांबतात, म्हणून यंत्र त्यांना सतत दंड करते. वळणावर ते खिडकीबाहेर हात काढतात, आणि ती आमच्या घराची खरी खिडकी असते. शेजारची मंडळी मागे बाकावर बसून कुठे उतरायचे ते सांगतात. काल ते दोन तास अडकले, खेळातल्या वाहतुकीत, आणि खूश होते. सायंकाळी पाय मोकळे करायला चौकापर्यंत जातात.

काल मी म्हटले की तीताला पत्र लिहिते आहे, काही सांगायचे आहे का. त्यांनी गाडी कडेला घेतली, ब्रेक लावला, आणि कार्डाच्या पंख्यावर हात धरून पाहिला.

"सांग तिला, चढावरसुद्धा तापत नाही," म्हणाले.

तापते, बहात्तर अंशांपर्यंत. पण निरोप जसाच्या तसा देते आहे.

मोठ्या काकांना आणि ब्रेंटला नमस्कार. गुडघ्याला जपा.

तुमची,
रिझलिन

ता. क. टॉवेल परत पाठवत नाही. एक ताताय खांद्यावर वापरतात. उरलेले दोन नानायने पाहुण्यांसाठी ठेवले आहेत, म्हणजे ते आता कोणालाच मिळणार नाहीत.

ता. क. २. पत्र वाचून तुम्ही स्टिअरिंग व्हील पाठवायचा विचार कराल. पाठवू नका. ते एकशेदहाचे असले तर काय, या विचाराने घरात झोप लागणार नाही.

ता. क. ३. खरे तर पत्र एवढ्याचसाठी लिहिले. आमच्या रविवारी सकाळी आठ वाजता (तुमच्याकडे शनिवारी संध्याकाळचे पाच) ताताय पहिली फेरी सुरू करतात. तेव्हा नानाय बाजारात असते, मी अंघोळीला जाते आणि माझा फोन टेबलावर, त्यांच्या डाव्या हाताशी, आपोआप उचलला जाईल असा करून, स्पीकर लावून ठेवते. त्या वेळी फोन करा. हात गुंतलेले असल्यामुळे त्यांना तो बंद करता येणार नाही. ते बोलतील की नाही, सांगता येत नाही. नाही बोलले तरी ठेवू नका. इंजिनाचा आवाज येत राहील, मग मध्येच थांबेल. त्यांनी गाडी कडेला घेतली असेल.