पडलेल्यांची वही

ती. ताईस,

तुझ्या धाकटीचा साष्टांग नमस्कार. (गुडघ्यांमुळे तो खुर्चीत बसूनच घातला आहे, पण मनाने पुरती आडवी झाले आहे.) तुझा एक मोतीबिंदू निघाला, छान झालं. दुसऱ्या डोळ्याची घाई करू नकोस. आपल्या वयात एका डोळ्याने दिसतं तेवढं जग पुरे. भावोजींची कंबर कशी आहे? त्यांना म्हणावं, कुंड्यांपाशी वाकण्याआधी परत उठायचं कसं ते ठरवून ठेवत जा. इकडे आम्ही ठीक. हे रोज नव्या घराच्या खिडक्या मोजतात आणि रोज वेगळ्या भरतात.

तू फोनवर विचारलंस, "तिथे फार आवाज असतो म्हणे?" आणि मी "ऐकू येत नाही" म्हणून फोन ठेवला. ऐकू येत होतं. पण हे प्रकरण फोनवर उरकण्यासारखं नाही.

आपल्या शाळेच्या मागचा तो स्केटिंगचा रिंक आठवतो ना? पत्र्याच्या छपराचा, लाकडी फळ्यांचा? आमची इमारत त्याला अगदी खेटून उभी आहे. बिल्डरने हे कोणाला कळू दिलं नाही. त्याने सगळ्यांना घरं सोमवारीच दाखवली, कारण सोमवारी रिंकला सुट्टी असते. पत्रकात "पक्ष्यांच्या सान्निध्यात" असं छापलं होतं, आणि सोमवारी खरोखरच एक कावळा होता. मग आम्ही चौसष्ट कुटुंबं सामान घेऊन आलो ती मंगळवारी. दुपारी चार वाजता रिंकचा कर्णा सुरू झाला, साठ मुलं चाकांवर एकदम डावीकडे वळली, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांनी हातातली कुंडी ट्रकवाल्याच्या पायावर सोडली. एकटी मी तेवढी दचकले नाही. खरं सांगू? मी हे घर घेतलं तेच त्या आवाजासाठी. (यांना वाटतं, उजेडासाठी.) बाल्कनीत उभी राहिले की फळ्यांवरून चाकांची ती भरदार गुरगुर येते, आणि मला वाटतं, आत्ता आई हाक मारील.

दातांचे डॉक्टर आमचे चेअरमन झाले. दिवसभर लोकांच्या तोंडात यंत्र घालून घरघर करणारा हा माणूस, पण घरी आला की त्याला फुलपाखराचाही आवाज सहन होत नाही. पहिल्याच सभेत ठरलं, रिंक बंद करण्यासाठी तक्रार करायची. "काकू, तुम्ही कॉन्व्हेंटच्या. तुम्हीच लिहा." मी मनात म्हटलं, बरं झालं, असं ढिलं, पाणचट पत्र लिहीन की ऑफिसात कोणी दुसरी ओळसुद्धा वाचायचं नाही. पण ताई, हात ऐकेना! सिस्टरांनी घोटून घेतलेलं सगळं आपोआप उतरलं: आधी काय घडलं, मग कोणाला त्रास, मग काय हवं; समास दोन बोटं, आणि उगाच एक विशेषण नाही. (एक घालून पाहिलं. हातानेच खोडलं.) परिणाम असा की, बाजारातल्या तुंबलेल्या गटारासाठी तीन वर्षं न हललेली आमची नगरपालिका आठ दिवसांत हलली आणि रिंकला नोटीस गेली. हा भाग निवासी ठरला तो आपल्या शाळेच्या दिवसांत; रिंक त्याच्याही आधीपासून चालू आहे हे सुनावणीत सिद्ध करा, नाहीतर महिन्यात टाळं लावा. सिद्ध झालं, तर रिंक राहील आणि आमच्या खिडक्यांना आवाज अडवणाऱ्या दुहेरी काचा बिल्डरने बसवायच्या.

मला जेवण जाईना. शेवटी पायात चपला सरकवल्या आणि रिंकवर गेले. आता तिथे जुन्या सरांची मुलगी असते. आपल्याच वयाची, गळ्यात वडिलांची शिट्टी. तिने पाणी दिलं, नोटीस दाखवली, आणि सोबतची तक्रार हातात घेऊन म्हणाली, "कोणी लिहिलंय हो हे? फार सुंदर लिहिलंय. वाचताना मलाच वाटलं, बंद करून टाकावं." मला ठसका लागला. ठसका संपल्यावर सांगितलं, मीच. तिने शांतपणे शिट्टी तोंडात धरली आणि अशी फुंकली की साठ मुलं जागच्या जागी थिजली. मग म्हणाली, "आता निस्तरा."

म्हणून मी निस्तरते आहे. तीन दुपारी आम्ही दोघींनी तिचं कपाट उपसलं. परवान्याची फाइल वाळवीने खाल्लेली. राहिली एकच गोष्ट: पडलेल्यांची वही. सरांचा नियम होता, ज्याला खरचटेल त्याने औषध लावून घ्यायचं आणि वहीत नाव, वर्ग, कुठे लागलं ते लिहून सही करायची. सगळ्यात जुन्या वर्षाची पानं एकमेकांना चिकटलेली. एकच नोंद धड वाचता येते, तिच्यावरही साल नाही. "इयत्ता आठवी, डावा कोपर, रडली नाही." मी ती वही छातीशी धरून नगरपालिकेत नेली. तिथले साहेब म्हणाले, "बाई, वही कोणीही लिहील. वहीतलं माणूस आणा."

इतक्यात डॉक्टरांना माझ्या फेऱ्यांचा सुगावा लागला. तातडीची सभा. "काकू, तुम्ही नक्की कोणाच्या?" मी उभी राहिले. (गुडघे विसरून, म्हणजे बघ.) म्हटलं, "तुम्हाला काचा हव्यात की टाळं? टाळं लागलं तर त्या जागेवर बिल्डर दुसरी इमारत उठवणार. तीन वर्षं रोज खणणार." डॉक्टरांचा चेहरा उतरला. "रोज?" म्हटलं, "रोज. तुमच्या दवाखान्यासारखंच, फक्त भूल न देता." सभा काचांवर एकमत होऊन संपली. तेव्हा एक गोष्ट आता पक्की आहे: रिंक राहणार. मी या वयात हरायला घराबाहेर पडत नाही.

भावोजींना नमस्कार, नातवंडांना पापा. तुझा लोभ आहेच. तो खालचं वाचून झाल्यावरही राहावा.

तुझी,
धाकटी

ता. क. सुनावणी येत्या बुधवारी, सकाळी अकराला. तुला यावं लागेल. वहीतलं नाव तुझं आहे.

ता. क. दुसरा. तू म्हणशील, मी तर जन्मात पायाला चाकं लावली नाहीत. खरं आहे. पडले मी. आठवीच्या खालच्या मुलींना एकटं आत सोडत नसत आणि मी होते सहावीत, म्हणून तुझं नाव सांगितलं, तुझा वर्ग सांगितला, सही पण तुझीच ठोकली. पण सर काळजीवाहू. त्यांनी शाळेत चिठ्ठी पाठवली, "मुलीचा कोपर बरा आहे ना?" आणि सिस्टरांनी, शाळा बुडवून रिंकवर गेलीस म्हणून तुला नाटकातून काढलं. तू राणी होणार होतीस. तू शपथा घेऊन सांगत होतीस, मी गेलेच नव्हते. आणि कोणी मानलं नाही, आईनेसुद्धा नाही. मी शेजारी बसले होते, भर उन्हाळ्यात लांब बाह्यांचा स्वेटर घालून.

ता. क. तिसरा. बुधवारी मी सगळं खरं सांगणार आहे. पण तक्रार माझी आणि साक्षही माझीच, साहेब कसे मानतील? ते वर्ष कोणतं हे पक्कं ठाऊक असलेलं माणूस जगात एकच आहे. तू फक्त उभी राहा आणि सांग, तुझं नाटक कोणत्या वर्षी गेलं आणि का गेलं. हवं तितकं रागावून सांग. साहेबांनी थांबवलं तरी थांबू नकोस. मी बाही वर करून बाजूलाच उभी असेन. न आलीस तरी मी बोलणारच आहे. पण ताई, तू खरं बोलत होतीस, हे एकदा सरकारी कागदावर चढणार आहे. ते चढताना तू तिथे हवीस.