तिसऱ्या भागातली आत्या

हॅलिफॅक्स,
३ फेब्रुवारी १८५८

ती. आत्यास फीबीचा शि. सा. न. वि. वि.

चष्मा लाव आणि चहाचा कप बाजूला ठेव, नाहीतर सांडशील. लंडनच्या प्रकाशकाचं उत्तर आलं. माझी कादंबरी त्यांना आवडली. ते एक वाक्य मी इतक्या वेळा वाचलं की कागद घडीवर फाटायला आलाय.

पण पुढचं वाक्य वाचून हसावं की रडावं ते कळेना. कादंबरी दोनच भागांची आहे, आणि वाचनालयांना तीन भागांपेक्षा कमी चालत नाही. वर्गणीदाराला एका वेळी एकच भाग घरी नेता येतो, म्हणजे एका कादंबरीत तीन घरं गुंतवता येतात, आणि वाचनालयांचं पोट त्यावरच चालतं. मेअखेर तिसरा भाग पाठवा, छापू, नाहीतर क्षमस्व. आता माझ्या नायिकेचं तर दुसऱ्या भागाच्या शेवटच्या पानावर लग्न लागलंय. लग्नानंतर बाईच्या आयुष्यात काय घडतं, असं मी ऑगस्टा वहिनीला विचारलं, तर ती म्हणाली, धुणं.

वहिनी जूनमध्ये बाळंत होईल. माझी खोली बाळाला लागणार, त्यात तिची काही चूक नाही. पण दादाने बाथच्या मिसेस क्रम्पना कळवूनही टाकलंय की फीबी तुमच्या सोबतीला येऊ शकेल. सोबतीला जायचं म्हणजे काय, ते तू जाणतेस. त्यांची लोकर धरायची, त्यांच्या दमेकरी कुत्र्याला उचलून जिना चढायचा आणि कुणी विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. तिथे लिहिणं कायमचं संपलं. पुस्तक निघालं तर मात्र दोन खोल्या भाड्याने घेऊन मी माझी राहीन. सगळं त्या तिसऱ्या भागावर येऊन ठेपलंय, आत्या. काहीतरी सुचव.

लोभ आहे तसाच राहू दे, आणि त्यासोबत एखादं कथानक सापडलं तर तेही पाठव.

तुझी,
फीबी


लेडबरी,
९ फेब्रुवारी १८५८

चि. फीबीस अ. उ. आ.

चहा सांडलाच. तू आधी सांगितलंस तरी सांडला. तुझे वडील असते तर सगळ्या गावाला पत्र वाचून दाखवत फिरले असते. मी फक्त मधमाश्यांना सांगितलं.

हसू नकोस. घरात जन्म, लग्न, मरण काहीही झालं की दाराची किल्ली घेऊन त्यांच्या पोळ्यांच्या टोपल्यांवर टकटक करायची आणि माश्यांना सांगायचं, नाहीतर त्या रुसून निघून जातात. तुझे वडील गेले तेव्हा मीच सांगितलं होतं. बियाण्यांच्या दुकानाचे मिस्टर प्रॉसर बायको गेली तेव्हा दुःखात सांगायचं विसरले, आणि उन्हाळ्यापर्यंत त्यांच्या साऱ्या टोपल्या रिकाम्या झाल्या. तेव्हापासून बिचारे माझ्या कुंपणापाशी उभे राहून गुणगुण ऐकतात. काल वालाचं बी घेऊन आले होते. परवाही वालाचं बीच आणलं होतं. एवढे वाल पेरले तर मला घर सोडून अंगणात राहावं लागेल.

तुझ्या कथेविषयी सांगते. कुणाला बुडवू नकोस. कुणाला क्षय देऊ नकोस, गेल्या वर्षी वाचनालयातल्या झाडून सगळ्या पुस्तकांत कुणी ना कुणी खोकत होतं. आणि मिसेस क्रम्पच्या कुत्र्याला माझ्या भाचीचे हात मिळणार नाहीत, हे मी आजच सांगून ठेवते.

पोटभर जेव. उपाशीपोटी लिहिलेलं मला लगेच ओळखू येतं.

तुझी आत्या,
ड्रुसिला


हॅलिफॅक्स,
२० मार्च १८५८

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

आधी कबुली देते. मी पूर आणला. मग मृत्युपत्र हरवलं. मग नायकाला एक जुळा भाऊ दिला, आणि तो इतका दुष्ट निघाला की मलाच त्याच्यासमोर बसवेना. ते सगळं चुलीत गेलं. वहिनीने त्यावर पाव भाजून घेतला आणि कादंबरी पहिल्यांदाच कुणाच्या तरी उपयोगी पडली, असं ती दादाला म्हणाली.

मग निराश होऊन मी तुझी मधली सगळी पत्रं काढून वाचली. आत्या, तुझ्या लक्षात आलंय का, की प्रत्येक पत्रात मिस्टर प्रॉसर आहेत? त्यांचे वाल आहेत, त्यांची उलटी घातलेली टोपी आहे, चर्चमध्ये त्यांनी चुकीचं भजन मोठ्याने म्हटलं तेही आहे. तू त्यांची थट्टा करतेस खरी, पण पानभर करतेस. आमच्या दादाची थट्टा तू एका ओळीत उरकतेस.

तर मी त्याच रात्री नायिकेला एक आत्या दिली. तिचं नाव मिस बार्बरा. तिच्याकडे मधमाश्या आहेत, आणि एक विधुर तिच्या कुंपणापाशी उभा राहतो. पहिल्या दोन भागांतही दोघांना मधूनमधून पेरतेय, म्हणजे तिसऱ्यात त्यांचीच गोष्ट चालेल. लेखणी अशी धावतेय की बोटं दुखतात. हे ठेवू की फाडू? तू नको म्हणालीस तर फाडीन आणि बाथला जाईन, शपथ.

रागावलीस तरी पत्रातूनच रागाव, मौन धरू नकोस.

तुझी,
फीबी


लेडबरी,
२६ मार्च १८५८

चि. फीबीस आशीर्वाद, पण आज जरा आखडते घेऊन.

पानभर म्हणे! मी तुझी पत्रं मोजत बसत नाही, तू माझ्या ओळी मोजतेस.

ठेव. बाथपेक्षा बार्बरा परवडली. पण माझ्या अटी ऐक. तिचं नाक माझ्यासारखं नको. तिला ती हिरवी टोपी घालू नकोस. आणि त्या विधुराचा धंदा बदल; खोगिरं शिवणारा कर, म्हणजे इथे कुणाला संशय यायला नको.

आता लिहायचं नव्हतं ते लिहिते, कारण दुसऱ्या कुणाला सांगू? रविवारी चर्चमधून येताना मिस्टर प्रॉसरनी मला विचारलं. म्हणाले की माझ्या घरात बोलायला कुणी नाही आणि तुमच्या घरात ऐकायला कुणी नाही, तर हे दोन घरांचं नुकसान कशासाठी करायचं? मी म्हटलं, माझं मी ऐकते. ते म्हणाले, ते मला ठाऊक आहे, म्हणून तर वर्षभर थांबलो.

सफरचंदं उतरवून झाली की उत्तर देईन, असं सांगून मी दार लावून घेतलं. फीबी, हे घर वडिलांनी माझ्या नावाने ठेवलं. आपला कायदा असा की अंगठी बोटात गेली की घर त्यांचं, टोपल्या त्यांच्या, माझा चहाचा कपसुद्धा त्यांचा. ते माणूस वाईट नाहीत. पण किल्ली इतकी वर्षं माझ्या खिशात आहे.

हे पुस्तकात घालू नकोस. म्हणजे घालशीलच, पण नीट घाल.

तुझी आत्या,
ड्रुसिला


हॅलिफॅक्स,
२४ मे १८५८

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

उद्या हस्तलिखित लंडनला निघतंय. तुला दोनदा विचारलं की मिस बार्बराने खोगीरवाल्याला काय उत्तर द्यावं, आणि दोन्ही वेळा तू मला मटारांची खुशाली कळवलीस. शेवटी मीच ठरवलं. ती नाही म्हणते.

तूच मला लहानपणी शिकवलंस की ज्या बाईकडे स्वतःच्या दाराची किल्ली आहे, तिने ती कुणालाही देऊ नये. त्या प्रसंगावर मी सगळ्यात जास्त मेहनत घेतली. ती टोपल्यांपाशी उभी राहून त्याला नकार देते, आणि तो टोपी हातात घेऊन उतारावरून चालत जातो. वहिनीला वाचून दाखवलं, तर ती बाळाचे मोजे डोळ्यांना लावून रडली. चक्क वहिनी, आत्या! मला वाटतं मी तुझ्या मनातलंच लिहिलंय.

माया कमी करू नकोस, मी फक्त तुझ्या सांगण्यावरून चाललेय.

तुझी,
फीबी


हॅलिफॅक्स,
१८ सप्टेंबर १८५८

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

हे पत्र मी माझ्या टेबलावरून लिहितेय. माझ्या! टोप्यांच्या दुकानावरच्या दोन खोल्या, एक खिडकी, आणि दार आतून लावता येतं. पुस्तक निघालं, पैसे आले, आणि मिसेस क्रम्पना कुत्रा उचलायला एक धडधाकट नोकर मिळाला. पुस्तकावर माझं नाव नाही, ‘एका स्त्रीने लिहिलेली’ एवढंच आहे; तरी दादा दुकानादुकानांत जाऊन ते उघडून दाखवतो आणि आपण काही बोलणार नाही असं सगळ्यांना सांगतो. वहिनीने बाळीचं नाव बार्बरा ठेवलं.

तुमच्या मिस ओकींच्या वाचनालयात पोचलं का? कसं वाटलं ते कळव. सगळ्या इंग्लंडचं मत आलं तरी मी तुझ्याच पत्राची वाट बघेन.

तुझी,
फीबी


लेडबरी,
१० ऑक्टोबर १८५८

चि. फीबीस अ. उ. आ.

तुझ्या खोल्यांची बातमी वाचून मी स्वयंपाकघरात एकटीच नाचले. खिडकीला पडदा लाव आणि कोळसा वेळेवर घे. आशीर्वाद संपले, आता भांडण.

तुला कुणी सांगितलं ती नाही म्हणेल?

पहिले दोन भाग हसत वाचले. गावातही सगळे वाचतायत. आमच्या चर्चच्या रेक्टरसाहेबांच्या, म्हणजे धर्मगुरूंच्या, पत्नी मिसेस लायडर्ड म्हणतात की हे नक्की एखाद्या बिशपने लिहिलंय, कारण विधुराच्या मनातलं बाईला कुठलं कळायला? मी मान डोलावली. मग तिसरा भाग घरी आणला. तो टोपी हातात घेऊन उतारावरून निघाला, तेव्हा मी बार्बरावर अशी ओरडले की मांजर पळालं. अगं, त्याला हाक मार, म्हटलं, इतका चांगला माणूस चाललाय! तुझ्या बार्बराने हाक मारली नाही. मी पुस्तक पिठाच्या डब्यात टाकलं आणि खूप रडले. आणि रडता रडता मला कळलं की मी कुणासाठी रडतेय. या वयात, फीबी. स्वतःचं मन कळायला मला तीन भाग लागले.

आता खरी पंचाईत ऐक. मिस्टर प्रॉसरनी दोन भाग वाचलेत. खोगिराने ते फसले नाहीत, मधमाश्यांवरून त्यांनी ओळखलं. मला म्हणाले की तुमच्या भाचीला तुमचं मन माझ्यापेक्षा जास्त कळतं, तेव्हा मी आधी तिसरा भाग वाचतो आणि मगच तुम्हाला उत्तर विचारतो. गावात तिसऱ्या भागाची एकच प्रत आहे, आणि ती माझ्या पिठात आहे. ते रोज मिस ओकींकडे चौकशी करतात. मिस ओकी रोज माझ्याकडे निरोप पाठवतात. अजून संपला नाही, असं मी सांगते. गावाला वाटतंय म्हातारीला वाचता येईनासं झालं.

सफरचंदं उतरवून झालीत. काय करू ते लगेच लिही. ही आग तू लावलीस, पाणीही तूच आण.

तुझी आत्या,
ड्रुसिला


हॅलिफॅक्स,
१३ ऑक्टोबर १८५८

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी जिन्यावरच बसले. चुकले. तू किल्लीबद्दल लिहिलंस तेवढं मी वाचलं, आणि ते वर्षभर थांबले हे तू जपून लिहिलं होतंस, ते माझ्या नजरेतून सुटलं.

पण एक चांगली बातमी आहे. पहिली छपाई संपत आली, आणि प्रकाशकाकडे एकच तक्रार येतेय की बार्बराचं लग्न का लावलं नाही? दुसऱ्या छपाईत शेवट बदलू का, असं ते विचारतायत. तू हो म्हण, मी एका बैठकीत बदलते. नवा भाग महिन्याभरात येईल, तोवर पीठ जपून वापर.

मात्र खरं सांगू? मी तुझ्या जागी असते तर थांबले नसते. तुझ्या मनातलं त्यांनी माझ्या पुस्तकात का वाचावं? तू सांग.

तुझीच,
फीबी


लेडबरी,
१९ ऑक्टोबर १८५८

चि. फीबीस अ. उ. आ.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी चांगला पोशाख केला, ती हिरवी टोपी घातली आणि दुकानाकडे निघाले. फाटकापर्यंत गेले आणि पाय उचलेना. तुझ्यासारखी वाक्यं मला कुठली सुचणार? म्हटलं, आधी ज्यांच्याशी बोलायची सवय आहे त्यांना सांगावं. परत फिरले आणि टोपल्यांपाशी गेले. किल्लीने टकटक केली. म्हटलं, बायांनो, घरात लग्न आहे. मिस्टर प्रॉसर इथे राहायला येतील, त्यांना डसू नका, त्यांनी फार सोसलंय. मी त्यांना अजून सांगितलं नाही, तुम्हालाच आधी सांगतेय.

कुंपणापलीकडे काहीतरी पडलं. बघते तर वाल सगळ्या रस्त्यावर पसरलेले, आणि मिस्टर प्रॉसर त्यात उभे. मी अजून तिसरा भाग वाचला नाही, एवढंच त्यांना बोलता आलं. मी म्हटलं, वाचू नका, त्यात चूक आहे. मग मला डोळे पुसायला दोन्ही हात लागले, म्हणून किल्ली त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती माझे डोळे पुसून होईपर्यंत धरली आणि परत माझ्या खिशात ठेवली. घर आणि टोपल्या माझ्याच नावावर राहतील असं वकिलाकडून लिहून घेऊ, तशी सोय करता येते, हे त्यांनी मार्चमध्येच विचारून ठेवलं होतं. मला सांगायची संधी मात्र मी त्यांना दिली नव्हती.

लग्न नाताळाच्या आधी आहे. बाळ बार्बराला घेऊन सगळे या, वहिनीने रडायला भरपूर मोजे आणावेत. तिसरा भाग झटकून मिस ओकींना परत केला. पानांतून अजून पीठ गळतं, आणि मिसेस लायडर्ड म्हणतात की बिशपच्या घरी स्वयंपाकघरातच लिहीत असणार.

राहिला शेवट. तुला वाटेल तसा बदल, नाहीतर राहू दे. पुस्तकाची दुसरी छपाई निघते, पोरी. मधमाश्यांना एकदा सांगितलं की सांगितलं.

तुझ्या नव्या दाराला आणि माझ्या जुन्या दाराला एकमेकांची वाट ठाऊक राहो.

तुझी आत्या,
ड्रुसिला