दार अडवायचा मान

नवागाम, डिंडोली, सुरत
दि. ७ एप्रिल १९९६

ती. सौ. आत्यास,

प्रभावतीचा शि. सा. नमस्कार. इकडे आम्ही सर्व खुशाल. लूमच्या कारखान्यातलं खातं बंद असलं की अण्णांचा खोकला थांबतो, खातं सुरू झालं की तोही कामाला लागतो. आईची कंबर तशीच. माझी बी.ए.च्या पहिल्या वर्षाची परीक्षा तोंडावर आली आहे. तुमची तब्येत विचारत नाही, कारण घरात लग्न असलं की तुमची तब्येत ठणठणीतच असते.

तुमचं पत्र मिळालं. प्रदीपला सख्खी बहीण नाही, म्हणून त्याच्या लग्नात मी करवली व्हावं, हातात करादिवा घेऊन त्याच्या मागे चालावं, असं तुम्ही लिहिलंत. वर लिहिलंत, "मामाची पोर म्हणून हा मान तुझाच." ते वाचून आईने पातेलं आपटलं. मी अभ्यासाला बसले. मला वाईट वगैरे काही वाटलेलं नाही, हे आधीच सांगून टाकते.

माझा विषय समाजशास्त्र. पुस्तक गुजरातीत, आणि मी शिकले मराठी शाळेत. कुणामुळे, ते आठवत असेल. माझा भाऊ लोटू गुजराती शाळेत गेला. माझ्या वेळी मात्र तुम्ही अण्णांना बजावलंत, अमळनेरला नांदायला येणाऱ्या सुनेला गुजराती काय चाटायची आहे? म्हणून कॉलेजात पहिले काही महिने मी वर्गात नुसती ठोकळ्यासारखी बसून होते. (एक बरं झालं. तुमच्याच हट्टाने शिकलेल्या मराठीत तुम्हाला हे पत्र नीट लिहिता येतंय.)

मग एकदा आमच्या मॅडम म्हणाल्या, "चोपडी बाजू पर मूको. घरमां जुओ." पुस्तक बाजूला ठेवा, घरात बघा, प्रत्येक धड्याला घरातलं एक उदाहरण आणा. तेव्हापासून मी वर्गात पुढे आहे. बाकीच्या मुली उदाहरणं शोधत फिरतात. मला देवाने आत्या दिली आहे.

पहिला धडा दर्जाचा. एक दर्जा जन्माने मिळतो, दुसरा कमवावा लागतो. मी तर जन्माच्याही आधी तुमची सून झाले होते. अण्णा आईला लग्न करून घरी घेऊन आले, तेव्हा तुम्ही प्रदीपला कडेवर घेऊन उंबऱ्यात आडव्या उभ्या राहिलात आणि विचारलंत, "तुन्ही आंडेर मन्हा आंडोरले देशी का?" तुझी लेक माझ्या लेकाला देशील का? अशा वेळी सगळ्याच बहिणी हे विचारतात. भाऊ हसून हो म्हणतो, बहीण दार सोडते, लोक जेवायला बसतात. आपल्याकडे मात्र ते खरंच धरलं गेलं. बारशाला नाव ठेवायचा मानही आत्याचा. प्रदीपच्या शेजारी पत्रिकेत शोभेल म्हणून तुम्ही माझ्या कानात प्रभावती म्हणालात. आमच्या वर्गात सगळ्या नेहा आणि पिंकी. हजेरीला माझं नाव आलं की कुणाची आजी आली हे बघायला पोरी मागे वळतात.

प्रदीपचा दर्जा कमावलेला. तो तलाठी झाला. लोकांचे सातबारे त्याच्या हातात आले आणि तुम्हाला नवागाम एकाएकी लांब पडायला लागलं. पारोळ्याच्या एका लग्नात तुम्ही मला "लूमवाल्याची पोर" म्हणालात, ते चार तोंडं फिरून आमच्यापर्यंत पोचलं. तोवर तीच पोर "आमची प्रभा" होती. पोर तीच, बाप तोच, लूमही तेच. फक्त तुमचा मुलगा आता खुर्चीवर बसतो. मग शिरपूरकडच्या कुठल्या सोसायटीच्या चेअरमनची मुलगी ठरली. तुमच्या अंगणात हिरो होंडा आधीच येऊन उभी आहे म्हणे. नवरीच्या आधी गाडी माप ओलांडून आली, ही रूढी मात्र आमच्या पुस्तकात नाही. त्या मुलीबद्दल माझं काही म्हणणं नाही. तिने माझं काही घेतलेलं नाही.

दुसरा धडा आपल्या समूहाचा आणि परक्या समूहाचा. दीड वर्षापूर्वी इथे प्लेग आला आणि अर्धं सुरत गाड्यांना लटकून पळालं. आम्हीही भुसावळच्या गाडीने तुमच्याकडे आलो. तुम्ही सख्ख्या भावाला अंगणातूनच वळवून गोठ्यात उतरवलंत. ताटं वेगळी, हंडा वेगळा. असू दे. रोगाला सगळेच भितात, तेव्हा गावोगाव तेच चाललं होतं. पण तुमचा मुलगा तुमची नजर चुकवून गोठ्यात यायचा. माझ्या ताटातली भाकरी मोडून खायचा. एकदा म्हणाला, "मरसूत ते सोबत मरसूत." मरू तर सोबत मरू.

हे उदाहरण मी मॅडमना दिलं नाही. ते कुठल्या धड्यात घालायचं ते मला कळलं नाही.

आत्या, वर लिहिलं ते खोटं आहे. मला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. तुमचं नव्हे, तुमच्याकडून माझी काही अपेक्षा उरली नव्हती. पण त्याने एकदा तरी तोंड उघडायला हवं होतं. नको असेल तर नको म्हणायचं, तेही मी ऐकून घेतलं असतं. माझ्यासोबत मरायला तयार होता, बोलायला नाही. दोन ओळींचं कार्डसुद्धा त्याने टाकलं नाही, आणि आता त्याच्या मागे दिवा धरायला मी यायचं.

अण्णा म्हणतात, "बहीण शे मन्ही. नहीं गयात ते लोके काय म्हनतीन?" तुम्ही शब्द मोडलात तेव्हा लोक काही म्हणाले नाहीत. मी आले नाही तर म्हणतील. याला सामाजिक नियंत्रण म्हणतात, प्रश्न हमखास परीक्षेला येतो. तुम्हालाही तेच हवंय. मांडवात मी हसत उभी दिसले की "बघा, भावाकडचं कुणी नाराज नाही" असं म्हणायला तुम्ही मोकळ्या. माझ्याच हाताने तुमचं तोंड पुसून घ्यायचा बेत चांगला आहे.

तर उत्तर असं की मी येते. करादिवा धरीन. नवरानवरीची गाठही बांधीन आणि घट्ट बांधीन, त्या मुलीचा काय दोष?

पण वरात घरी आली की दार अडवायचा मानही करवलीचाच असतो, हे घाईत तुमच्या लक्षात आलेलं दिसत नाही. मी तुमच्या उंबऱ्यात हात आडवे करून उभी राहीन. समोर प्रदीप आणि त्याची बायको, मागे तुमचं सगळं गणगोत. मी त्याची लेक मागणार नाही. मी त्याच्याकडून एवढंच मोठ्याने वदवून घेणार आहे, की माझी लेक मी कुणाच्या दारात शब्द म्हणून देणार नाही. तिला विचारीन. आणि ती सांगेल ते चारचौघांत तोंड उघडून बोलेन.

हे वाचून मला बोलावणं नको वाटलं तर जरूर तसं कळवा. मग प्रभा का आली नाही, हे लोकांना तुम्ही सांगा. अण्णांना मी यातलं काही सांगितलेलं नाही. त्यांनी बिचाऱ्यांनी आहेराचं लुगडं आणून ठेवलंय, हिरव्या काठाचं, तुम्हाला आवडतं तसं.

प्रदीपला चारचौघांत बोलायची सवय नाही, हे मला ठाऊक आहे. मला घाई नाही. तो बोलेपर्यंत मी दार सोडणार नाही, तेव्हा पाहुण्यांची पंगत वेळेवर बसेल असं कुणाला सांगू नका.

घरातल्या मोठ्यांना नमस्कार.

तुम्हीच दिलेल्या मानाची,
तुमच्या मुलाची करवली,
प्रभावती